पैसा फंडापासून संगणक वर्गापर्यंत

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर दक्षिणेकडे आले म्हणजे मोती डुंगरीची टेकडी लागते. तिच्या पायथ्याशी १९८८ साली उभे राहिलेले संगमरवरी बिर्ला मंदिर प्रवाशांच्या चांगल्या परिचयाचे आहे. ते ज्या वस्तीत आहे तिचे नाव मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात राहते. तिला तिलक नगर म्हणतात. लोकमान्यांच्या नावाची नगरे देशातील कितीतरी शहरांतून आढळतात. हिंदी पाटीवर ‘ट’चा ‘त’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो एवढाच काय तो फरक. वास्तविक राजस्थानी बोलींत ‘ळ’ आहे, पण पाट्या हिंदीत लिहिल्या जातात.

या तिलक नगरापासून फारशा दूर नसलेल्या झालाना भागात ‘राजस्थान नॉलेज कॉर्पोरेशन’ या संस्थेची कचेरी आहे. राजस्थानातील खेड्यापाड्यांतील आणि शहरांच्या गरीब वस्त्यांतील तरुणतरुणींना संगणक शिकवावा, त्यांना कामधंद्यास लागण्याची पात्रता यावी, हा तिचा व्याप. संस्था २००८ साली निघाली, आणि तिचा नमुना महाराष्ट्रातून आला. म्हणजे जयपुरात चाललेल्या या उद्योगाचा इतिहास सांगावयाचा तर जयपूर सोडून काही काळ बडोदे, तळेगाव, सातारा व पुणे या गावी जाणे भाग आहे. त्या प्रवासात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. दर पिढीत एखादे नवे यंत्र येते आणि उदरनिर्वाहाचा उंबरठा बदलून टाकते. ज्यांच्या घरी पैसा आणि इंग्रजी आहे ते तो सहज ओलांडतात. उरलेल्यांसाठी कोणीतरी तो खाली आणावा लागतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात सरकारी शिक्षणाचा पैसा रयतेकडून येतो आणि लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, ही तक्रार तर आहेच. परंतु त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट शिक्षकांसंबंधीची आहे. खेड्यातील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावा, आणि नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरावयास त्याला लाज वाटू नये, असे जोतीरावांचे म्हणणे होते. शिकलेल्या माणसांची संख्या शंभरपट व्हावी आणि त्यांनी नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त धंद्यांकडे वळावे, ही अपेक्षाही त्यांनी तेथे व्यक्त केली. आयोगाने त्यातले किती ऐकले हे सर्वश्रुत आहे.

सरकारने जे ऐकले नाही ते एका संस्थानिकाने थोडेफार करून दाखविले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथेच यांत्रिक रेखाटन शिकवीत. पण ती इंग्रजीची शाळा. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली कलाभवन काढले ते निराळ्या हेतूने. त्याचे पहिले मुख्याध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे. गज्जर म्हणजे सुतार. जोतीरावांच्या निवेदनातील तासणी जणू या माणसाच्या घरातच होती, आणि शिवाय रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण त्याने घेतले होते. पुढे मुंबईत महाराणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास चाफेकरांनी डांबर फासले, तेव्हा ते डाग काढून देण्याच्या कामी याच गज्जरांच्या रसायनज्ञानाचा उपयोग झाला. इतिहासाच्या असल्या गमती थोड्या नसतात.

कलाभवनात रंगकाम, यंत्रकाम, बांधकाम, रेखाटन असे विषय शिकवीत. दादासाहेब फाळके काही काळ तेथेच होते. पण कलाभवनाचे खरे वैशिष्ट्य विषयांत नव्हते, भाषेत होते. कारागिराच्या मुलाला आधी इंग्रजी शिकवावयाचे, त्यात त्याची आठ वर्षे घालवावयाची आणि मग कापड कसे रंगवावे ते सांगावयाचे, हा क्रम गज्जरांना उलटा वाटे. शास्त्र देशी भाषांतून शिकविता येईल, त्याची परिभाषा घडविता येईल, ग्रंथ लिहवून घेता येतील, अशी त्यांची श्रद्धा होती आणि तशी खटपटही त्यांनी केली. भाषेची ही अट काढून टाकल्याबरोबर किती मुलांना दार उघडते हे कळावयास महाराष्ट्राला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

दुसरी अडचण पैशाची. सयाजीरावांच्या पाठीशी खजिना होता. ब्रिटिश मुलखात तो कोठून आणावयाचा? यावर अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी जो उपाय शोधला त्याचे नावच पैसा फंड. दर माणसाने दर वर्षी एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभारावेत, इतकी ती साधी कल्पना. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक लाख रुपये उभे करावयाचे तर चौसष्ट लाख हात पुढे यावयास हवेत. हिशेबी माणसास ही कल्पना वेडगळ वाटावी हे स्वाभाविक होते. पण काळे ती घेऊन गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, ते केवळ रकमेकडे पाहून नव्हे. पैसा देणारा मनुष्य त्या कामाचा मालकही होतो, हे त्या चतुर राजकारण्याने ओळखले होते.

या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपान आणि अमेरिका येथे काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे तांत्रिक सूत्रे आली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात टिळकांना अटक झाली, जुलैत शिक्षा झाली आणि ते मंडालेस गेले. कारखाना मात्र चालू राहिला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. तो कारखाना होता तशी शाळाही होती. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून त्या रसाचा गोळा लोखंडी फुंकणीच्या टोकास घ्यावयाचा आणि श्वासाने त्याला आकार द्यावयाचा, ही कला पुस्तकातून येत नाही. ती भट्टीजवळ उभे राहूनच यावी लागते. उमेदवार भट्टीशीच शिके, आणि जी चिमणी किंवा बाटली त्याच्या हातून उतरे ती बाजारात जाई. काच वाकडी झाली की लगेच कळे. त्यासाठी परीक्षा घेणारे मंडळ लागत नसे.

त्या वेळी काचेच्या बांगड्या ऑस्ट्रियातून येत, दिव्यांच्या काचा परदेशांतून येत. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ऑस्ट्रियाचा माल बंद पडला. देशी काचेला एकाएकी मागणी आली, आणि तळेगावास हात भाजून घेतलेले कारागीर देशातील निरनिराळ्या कारखान्यांतून कामास लागले. पैसा फंडाने भट्टी एकच पेटविली, पण तिच्यावर शिकलेली माणसे दूरवर गेली. या यशाची जेवढी नोंद आपल्या इतिहासग्रंथांत व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही. टिळकांच्या चरित्रांत खटले आणि अग्रलेख यांना पाने मिळतात, आणि काचेच्या वाट्याला ओळी.

तथापि या सर्व उपक्रमांत एक उणीव होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर राहावे लागे त्यांच्यापर्यंत स्वदेशी उद्योगांची ऊब क्वचितच पोचे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन केली. तिच्या शाळांना शिवण आणि पुस्तकबांधणी यांसारख्या कामांची जोड दिली गेली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न राज्यकर्त्यांपुढे अधिक रोखठोक मांडला. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे जे टिपण व्हाइसरॉयला दिले, त्यात या वर्गातील तरुणांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कर्मशाळांत उमेदवार म्हणून घ्यावे अशी मागणी होती. शिष्यवृत्त्यांच्या जोडीला त्यांना यंत्राजवळची जागा हवी होती. ती जागा मिळाल्यावाचून पुढील हिशेब चुकतच राहणार, हे त्यांनी पुरते जाणले होते.

सातारच्या बाजूस कर्मवीर भाऊराव पाटलांनी निराळीच वाट काढली. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकीत गावोगाव फिरलेल्या या माणसाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलाने शिकता शिकता स्वतःच्या श्रमाने आपला खर्च भागवावा ही रीत रूढ केली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत सर्रास छापलेले असतात. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांनी मात्र ते खोरे हाती घेऊन शिकले.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९६१ साली उमेदवारीचा कायदा झाला. कातारी, जोडारी, तारतंत्री अशा कामांत हजारो मुले तयार झाली. पण या संस्थांबाहेर, कोणतीही योजना नसताना, एक वेगळीच शाळा गावोगाव निघाली होती. ती टंकलेखनाची.

या टंकलेखन वर्गांचा इतिहास कोणी तरी सविस्तर लिहावयास हवा. बाजारपेठेतील एखाद्या दुकानाच्या माडीवर आठदहा यंत्रे मांडलेली, त्यांचा पावसासारखा सतत आवाज, भिंतीवर कळफलकाचा तक्ता, आणि तासाच्या पाळीने येणारी मुलेमुली. मुंबईस गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी टंकयंत्र बाजारात आणले. पुढे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने महाराष्ट्राचा कारभार मराठीत व्हावयाचे ठरले, तेव्हा मराठी टंकलेखकांची मागणी वाढली. मिनिटास मराठीचे तीस शब्द, इंग्रजीचे चाळीस. या दोन आकड्यांवर दोन पिढ्यांतील कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. विशेषतः मुलींच्या दृष्टीने या वर्गाचे महत्त्व मोठे होते. महाविद्यालयाचा खर्च न झेपणाऱ्या घरातून मुलीला दिवसाकाठी तासभर वर्गास पाठविण्यास हरकत घेतली जात नसे, आणि प्रमाणपत्र हाती आले की कचेरीचे दार उघडण्याची शक्यता असे. परीक्षा घेणारी संस्था सरकारी होती. शिकविणारा खाजगी होता आणि बहुधा स्वतःही त्याच परिस्थितीतून वर आलेला. ही रचना ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

मग संगणक आला. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली, १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ साली तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. हा सर्व पराक्रमाचा भाग झाला. त्याच काळात शहरांतून संगणकाचे खाजगी वर्ग निघाले. त्यांचे शुल्क भारी, आणि भाषा इंग्रजी. माडीवरच्या टंकलेखन वर्गातील मुलाला ते दोन्ही परवडणारे नव्हते. त्याचे यंत्र मात्र कचेऱ्यांतून हळूहळू उचलले जाऊ लागले. गोदरेजने २००९ च्या सुमारास टंकयंत्राचे उत्पादन थांबविले, तोवर त्या यंत्राचा बाजार जवळजवळ संपला होता. उंबरठा पुन्हा उंच झाला होता.

नुसती यंत्रे नेऊन ठेवल्याने तो खाली येत नाही, याचा अनुभवही याच सुमारास आला. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प मोठ्या अपेक्षेने सुरू झाला. व्यवहारात त्या यंत्रांचा उपयोग मुख्यतः साखर कारखान्याच्या उसाच्या हिशेबांपुरता राहिला, आणि काही वर्षांनी तेच काम दूरध्वनीवरच्या लघुसंदेशांनी होऊ शकते असे दाखविणारा प्रयोग झाला.

महाराष्ट्र शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ साली ‘महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन’ निघाले. सी-डॅकमध्ये शिक्षणाचे काम पाहिलेले विवेक सावंत तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक झाले. या संस्थेने ‘एमएस-सीआयटी’ नावाचा जो अभ्यासक्रम आणला त्याची घडण टंकलेखन वर्गाशी विलक्षण मिळतीजुळती आहे. वर्ग चालविणारा गावातीलच लहान उद्योजक. पाठ सर्वत्र सारखे, संगणकातच बसविलेले. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. शुल्क हप्त्याने भरण्याची सोय. आणि भाषा मराठी. गज्जरांनी बडोद्यास जी अट काढली होती तीच येथे दुसऱ्यांदा निघाली. देवनागरीचा ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक तोवर ठरून गेला होता. त्यात ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळीवर आहेत: साधी दाबली की ‘ल’, वर नेणारी कळ धरून दाबली की ‘ळ’. तालुक्याच्या गावी वर्गात बसलेली मुलगी आपल्या गावाचे नाव पहिल्यांदा पडद्यावर उमटवी तेव्हा तिला हे शिकावे लागे.

एक कोटीहून अधिक लोकांनी हा अभ्यासक्रम घेतला आहे. आकडा मोठा आहे. कलाभवन आणि तळेगाव यांना तो स्वप्नातही दिसला नसता. पण याच ठिकाणी थोडे थांबावयास हवे. शासनाने हे प्रमाणपत्र आपल्या अनेक नोकऱ्यांसाठी आवश्यक केले. त्यामुळे वर्ग भरले हे खरे. परंतु विद्या घेण्याचे कारण आणि प्रमाणपत्र घेण्याचे कारण यांत अंतर पडू लागले, हेही तितकेच खरे. ज्याला उंबरठा खाली आणावयाचा होता त्यानेच दारावर नवे कुलूप लावले, अशी टीका झाली, आणि ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. तळेगावच्या उमेदवाराला भट्टीसमोरच काम मिळे. संगणक वर्गातील उमेदवार तीन महिन्यांनी प्रमाणपत्र घेऊन रस्त्यावर येतो, आणि काम कोठे आहे हे त्याला स्वतःच शोधावे लागते. शिकण्याची जागा आणि कामाची जागा यांची पूर्वी असलेली सोयरीक तुटली. लाखोंना शिकवावयाचे तर ती तुटणारच होती, असेही म्हणता येईल. भट्टीभोवती शेकडोच उभे राहू शकतात.

२००८ साली हीच रचना जयपुरास गेली. हस्तकौशल्याच्या शिक्षणाची परंपरा त्या शहरास नवी नव्हती. सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८८० पूर्वीच, तेथे ‘मदरसा-ए-हुनरी’ निघाला होता आणि निळ्या नक्षीची मातीची भांडी घडविण्याच्या कलेला त्याने आधार दिला. कारागिरांचे शहर म्हणून जयपूर ओळखले जाते. पण रत्नांना पैलू पाडणारा किंवा कापडावर ठसे उमटविणारा कारागीर आपल्या मुलाने हेच काम करावे असे नेहमीच इच्छीत नाही, आणि त्याची मुलगी तर बहुतेक वेळा त्या कामाच्या हिशेबातच नसते. महाराष्ट्राच्या संस्थेच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या राजस्थान नॉलेज कॉर्पोरेशनने ‘आरएस-सीआयटी’ हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम हिंदीत आणला. त्याची परीक्षा कोट्याचे वर्धमान महावीर मुक्त विद्यापीठ घेते. तेथेही राज्य सरकारच्या अनेक पदांसाठी हे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले, आणि महाराष्ट्रात जे झाले त्याचीच आवृत्ती निघाली: वाड्यावस्त्यांपर्यंत वर्ग, आणि वर्गांच्या पाठोपाठ प्रमाणपत्राची धावाधाव. महिलांना हा अभ्यासक्रम विनामूल्य देण्याची योजना राज्याने आखली, तिचे मोल कमी लेखून चालणार नाही. राजस्थानातील खेड्यात घूंघटाआडून आलेली सून शुल्क मागून घेऊ शकत नाही. शुल्कच नसले तर तिच्या घरचे एक कारण तरी कमी होते.

देशभर हाच प्रवाह वाढला. २०१४ साली केंद्रात कौशल्य विकासाचे स्वतंत्र मंत्रालय झाले, २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. २०१६ साली नेमलेल्या शारदाप्रसाद समितीने उद्योगक्षेत्रनिहाय कौशल्य मंडळांच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. किती जणांना शिकविले हे सांगणे सोपे. किती जण कामास लागले आणि सहा महिन्यांनी त्या कामावर टिकून होते, हे सांगणे अवघड. पैसा फंडाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण फुटलेली काच आणि टिकलेली काच दोन्ही तेथेच दिसत.

मग हे प्रमाणपत्र घेतलेली मुले जातात कोठे? काही सरकारी भरतीच्या रांगेत, काही दुकानांच्या हिशेबाला, काही दूरध्वनीवरून ग्राहकांशी बोलणाऱ्या कंपन्यांत. आणि बरीचशी, राजस्थानात, ‘ई-मित्र’ या नावाच्या लहान टपऱ्यांत. २००५ च्या सुमारास सुरू झालेली ही शासकीय सेवाकेंद्रे खाजगी माणसे चालवितात. महाराष्ट्रातील ‘आपले सरकार’ केंद्रांचे ते राजस्थानी भावंड. विजेचे बिल, जातीचा दाखला, शिधापत्रिका, सारे तेथे. जयपूरच्या वस्त्यांत संध्याकाळी अशा टपरीवर गर्दी असते. आत एक संगणक, एक छपाईयंत्र, आणि काल-परवापर्यंत वर्गात बसून कळफलक शिकत असलेला तरुण. भरतीची जाहिरात निघाली की त्याच्यापुढे रांग लागते. अर्ज संगणकावरच भरावयाचा असतो, आणि रांगेतील कित्येकांच्या हाती त्याच्याजवळ आहे तेच प्रमाणपत्र असते. घरी संगणक नसल्यामुळे ते अर्ज त्याच्याकडून भरून घेतात. तो प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख टंकित करतो, पैसे घेतो, आणि पुढच्यास बोलावतो.